संगणकीय जीवशास्त्राचा ओनामा

वड आणि पिंपळ हे वृक्ष आपल्या लोकाचारात व वाङ्मयात इतके मुरलेले आहेत की, त्यांच्याविषयी नवे असे काही सांगावयाचे उरले असेल, हे सहसा कोणाच्या मनात येत नाही. तथापि या दोहोंची जनुकसंहिता वाचून तिचा तौलनिक अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला, आणि हे काम झाले ते आपल्या भोपाळच्या सीमेवर, भौंरी येथील भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत. तेथल्याच अभ्यासकांनी त्यापूर्वी २०१८ साली मोराची, आणि २०२१ साली हळदीची व कोरफडीची संहिता प्रसिद्ध केली होती. वडपिंपळ शतकानुशतके कसे जगतात, हा प्रश्न वनस्पतिशास्त्राचा खरा. परंतु त्याचे उत्तर शोधण्याचे बरेचसे श्रम पानाफुलांपाशी नव्हे, तर संगणकापुढे बसून करावे लागले. अशा अभ्यासास संगणकीय जीवशास्त्र म्हणतात. त्याच्या जोडीने वाढलेले दुसरे एक शास्त्र आहे. ते सजीवाचे घटक एकेकटे न पाहता त्यांच्या परस्परसंबंधांचा हिशेब मांडते. विद्यापीठात प्रथमच पाऊल ठेवणाऱ्या विद्यार्थ्यास या दोन शास्त्रांची मुळाक्षरे कशी शिकविली जातात, हे येथे सांगण्याचा आमचा विचार आहे. या मुळाक्षरांपैकी निम्मी तरी आपल्या पिढीजात ओळखीची आहेत, असे आमचे म्हणणे आहे.

दुसऱ्या शास्त्राच्या नावाविषयी आरंभीच एक शब्द. हिंदीत त्यास ‘तंत्र जीवविज्ञान’ म्हटलेले आढळते. हिंदीत ‘तंत्र’ म्हणजे व्यवस्था. मराठी कानास मात्र ‘तंत्र’ म्हटले की हातोटी किंवा कृतीची पद्धत आठवते. दोन्ही भाषांच्या सहवासात राहणाऱ्या आम्हां भोपाळकरांस ही तफावत पावलोपावली जाणवते. म्हणून आम्ही ‘प्रणाली जीवशास्त्र’ हे नाव पत्करतो. ते फार सुरेख आहे असे नव्हे, पण त्याने दिशाभूल होत नाही.

आता पहिल्या पाठाकडे वळू. प्रत्येक सजीवाच्या पेशीत डी.एन.ए. नावाच्या लांबच लांब रेणूवर चार रासायनिक घटक एकापुढे एक ओवलेले असतात. त्यांस ए, टी, जी आणि सी अशी आद्याक्षरांची नावे आहेत. या चार अक्षरांच्या मजकुरातील जे खंड पेशीस काही एक पदार्थ, बहुधा प्रथिन, घडविण्याची आज्ञा देतात, त्यांस जनुके म्हणतात. माणसाच्या संहितेत अशी सुमारे ३ अब्ज अक्षरे आहेत. पृष्ठास २००० अक्षरे आणि ग्रंथास ५०० पृष्ठे धरली, तर हा मजकूर छापावयास ३००० ग्रंथ लागतील. त्यांत शब्दांमध्ये जागा नाही, दंड नाही, विरामचिन्ह नाही. शिवाय यंत्रे ही संहिता सलग वाचून देत नाहीत. ती देतात लक्षावधी तुकडे. आणि एका तुकड्याचा शेवट दुसऱ्याच्या आरंभाशी कोठे जुळतो, हे पाहून मूळ पाठ सांधावा लागतो. जीर्ण पोथीच्या विस्कटलेल्या पानांचा क्रम लावण्याचे काम ज्याने केले असेल, त्यास हा उद्योग परका वाटू नये. फरक प्रमाणाचा आहे, आणि प्रमाण एवढे वाढले की मनुष्याची नजर व स्मरणशक्ती अपुरी पडते. संगणकाची गरज उत्पन्न होते ती येथे.

सांधलेला पाठ हाती आल्यावर दुसरा प्रश्न येतो: या पाठाचे त्या पाठाशी नाते काय? याचे उत्तर देण्याची रीत आपल्या गावाच्या नावावरूनच समजावून देता येते. भोपाळ हे नाव राजा भोजाच्या ‘भोजपाल’ या नावावरून आले, अशी परंपरागत समजूत आहे. तिची ऐतिहासिक सत्यता तूर्त बाजूस ठेवू. भो-ज-पा-ल ही चार अक्षरे एका ओळीत आणि भो-पा-ळ ही तीन तिच्याखाली मांडा. अक्षराखाली तेच अक्षर आले तर दोन गुण द्यावे, निराळे आले तर एक गुण वजा करावा, आणि अक्षराखाली रिकामी जागा सोडावी लागली तर दोन गुण वजा करावे. ‘ज’च्या खाली जागा रिकामी ठेवली, तर ‘भो’चे दोन, ‘पा’चे दोन, रिकाम्या जागेचे वजा दोन, ‘ल’ आणि ‘ळ’ यांचा वजा एक. एकूण गुण एक. रिकामी जागा शेवटी ठेवली, तर ‘ज’खाली ‘पा’ आणि ‘पा’खाली ‘ळ’ येऊन बेरीज वजा दोन होते. पहिली मांडणी अधिक चांगली. म्हणजेच मधला ‘ज’ गळाला आणि शेवटचा ‘ल’ पालटला, असे मानणे अधिक सयुक्तिक.

एवढे सोपे असेल तर संगणक कशाला, असे कोणी विचारील. तीन-चार अक्षरांच्या शब्दांस तो नकोच. पण शंभर-शंभर अक्षरांच्या दोन ओळी घेतल्या, तर त्या एकमेकींखाली मांडण्याचे निरनिराळे प्रकार किमान ५९ आकडी संख्येइतके होतात. ते एकेक तपासावयाचे म्हटले तर अतिवेगवान यंत्रासही युगे पुरणार नाहीत. नीडलमन आणि वुन्श या दोन अभ्यासकांनी १९७० साली यातून मार्ग दाखविला. एक अक्षरमाला आडवी व दुसरी उभी लिहून चौकटींचा तक्ता आखावयाचा, आणि प्रत्येक घरात ‘येथवरची उत्तमोत्तम मांडणी किती गुणांची’ एवढेच लिहावयाचे. कोणत्याही घराचे उत्तर त्याच्या वरच्या, डाव्या आणि तिरप्या अशा तीनच शेजाऱ्यांवरून निघते. अशी सुमारे दहा हजार घरे भरली की काम संपले. एवढे काम चिकाटीचा माणूस कागदावरही करील. संगणकास तर ते क्षणाचे. या शास्त्रातील खरी करामत यंत्राच्या वेगात नसून अशा युक्तीत आहे. ही गोष्ट विद्यार्थ्याच्या मनावर पहिल्या महिन्यातच ठसली पाहिजे. ती ठसली नाही, तर पुढे तो यंत्राची कळ दाबून आलेले उत्तर वेदवाक्य मानू लागतो. असे विद्यार्थी, आणि क्वचित त्यांचे शिक्षकही, आज दुर्मीळ नाहीत.

अनेक पाठ याप्रमाणे एकाखाली एक मांडल्यावर त्यांचा वंशवृक्ष काढावयाचा असतो. येथे आम्हांस पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे स्मरण होते. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम तेथे १९१९ साली हाती घेतले गेले आणि १९६६ साली मूळ संहितेचे मुद्रण पुरे झाले. विष्णु सीताराम सुखटणकरांनी १९२५ पासून १९४३ साली मृत्यू येईपर्यंत तिचे संपादन केले. भिन्न लिप्यांतील हस्तलिखितांची कुळे लावताना जे तत्त्व वापरतात ते असे: दोन पोथ्यांत मूळचा शुद्ध पाठ समान असला, तर त्यावरून त्यांचे जवळचे नाते सिद्ध होत नाही, परंतु एकच विशिष्ट चूक दोहोंत आढळली, तर त्या एकाच आदर्शप्रतीवरून उतरल्या असाव्यात. जीवशास्त्रज्ञ हेच म्हणतो. दोन प्राण्यांत एखादे पुरातन लक्षण समान असण्यास फारसे महत्त्व नाही. नंतर घडलेला एकच बदल दोहोंत सापडला, तर त्यांचा पूर्वज एक. जनुकसंहितेची प्रत प्रत्येक पिढीत उतरविली जाते, उतरविताना चुका होतात, आणि त्या चुका वंशपरंपरेने पुढे जातात. ही उपमा नव्हे. दोन्ही ठिकाणी तर्क एकच आहे. म्हणून तर चॉसर या इंग्रज कवीच्या ‘कँटरबरी टेल्स’च्या हस्तलिखितांची कुळे जीवशास्त्रज्ञांच्या संगणक-कार्यक्रमांनी लावता आली आणि ते संशोधन १९९८ साली विज्ञानाच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. दोन्ही क्षेत्रांतील अडचणसुद्धा एकच आहे. लेखकाने दोन कुळांतील पोथ्या समोर ठेवून मिश्र पाठ तयार केला असेल, तर वंशवृक्षाच्या फांद्या एकमेकींत गुंततात. जीवाणूही परक्या कुळातील जीवाणूंकडून जनुके उसनी घेतात, आणि त्यांचा वृक्ष काढणारा असाच हतबुद्ध होतो.

या दोन्ही क्षेत्रांत ज्याची गती होती असा एक पुरुष आपल्या भाषेच्या प्रदेशात होऊन गेला, ही गोष्ट मात्र आपण विसरत चाललो आहोत. धर्मानंद कोसंबींचे पुत्र दामोदर धर्मानंद कोसंबी यांचा जन्म १९०७ साली गोव्यात झाला. व्यवसायाने ते गणिती. भर्तृहरीच्या सुभाषितांची त्यांची चिकित्सक आवृत्ती १९४८ साली प्रसिद्ध झाली, आणि त्यासाठी त्यांनी शेकडो हस्तलिखितांचा धांडोळा घेतला होता. साहित्याच्या अभ्यासकांस हे ठाऊक असते. ठाऊक नसते ते हे की, चाळीसाच्या दशकाच्या पूर्वार्धात, पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात अध्यापन करीत असताना, त्यांनी आनुवंशिकीवर अवघ्या चार पृष्ठांचा एक निबंध लिहिला, आणि त्यातील सूत्र जगभरच्या पाठ्यपुस्तकांत आजही ‘कोसंबी’ याच नावाने शिकविले जाते.

ते सूत्र कशाविषयी आहे, हे थोडक्यात सांगतो. गुणसूत्रावर जनुके माळेतील मण्यांप्रमाणे रांगेने असतात. पुनरुत्पादक पेशी बनताना आईकडून व बापाकडून आलेल्या जोडीदार गुणसूत्रांत तुकड्यांची अदलाबदल होते. दोन जनुके जितकी दूर, तितकी त्यांची ताटातूट होण्याचा संभव अधिक. म्हणून ताटातुटीच्या प्रमाणावरून त्यांच्यातील अंतर काढता येते. मात्र त्यांच्यामध्ये अदलाबदल दोन वेळा घडली, तर ती जनुके पुन्हा एकत्र येतात आणि झालेली उलाढाल दिसतच नाही. यामुळे डोळ्यांस दिसणारे प्रमाण खऱ्या अंतराहून कमी भरते. हॉल्डेन यांनी १९१९ साली याची दुरुस्ती सुचविताना प्रत्येक अदलाबदल स्वतंत्र मानली. प्रत्यक्षात एके ठिकाणी अदलाबदल झाली की तिच्या निकट दुसरी होण्यास अडथळा येतो. कोसंबींनी हा अडथळा हिशेबात घेतला. संततीपैकी शेकडा २० मध्ये ताटातूट दिसली, तर हॉल्डेन यांच्या सूत्राने अंतर २५.५ एकके येते, कोसंबींच्या सूत्राने २१.२. पिकांच्या जनुकांचे नकाशे काढणाऱ्या संगणक-कार्यक्रमांत आजही या दोन नावांतून एक निवडावे लागते. ते निवडताना त्यांपैकी एका नावाची वाट फर्ग्युसनच्या टेकडीवरून जाते, हे किती मराठी विद्यार्थ्यांस माहीत असते?

येथवर वाचनाचा भाग झाला. केवळ वाचनाने सजीव समजत नाही, हा प्रणाली जीवशास्त्राचा पहिला धडा. फ्रांस्वा झाकोब व झाक मोनो यांनी १९६१ साली दाखवून दिले की, आतड्यातील एक सामान्य जीवाणू दुधातील साखर पचविण्याची जनुके नेहमी चालू ठेवीत नाही. साखर समोर आली की ती उघडतात, नसली की मिटतात. म्हणजे जनुकांची यादी करून भागत नाही. कोण कोणास केव्हा चालू करतो आणि केव्हा थांबवितो, हे जाळे समजले पाहिजे.

या जाळ्याचे गणित आमच्या मोठ्या तलावावरून सुरू करता येते. कोलांस नदीचे पाणी आत येते. बाष्पीभवनाने, शहराच्या पुरवठ्याने आणि भदभद्याच्या दारांतून ते बाहेर जाते. तलावाची पातळी १६६६.८० फुटांची पूर्ण मर्यादा गाठू लागली की दारे उघडतात. पातळी किती वेगाने बदलते, तर येणाऱ्या पाण्यातून जाणारे वजा करून जे उरते तितक्या वेगाने. पेशीतील प्रथिनाचेही तसेच. समजा, दर मिनिटास एका प्रथिनाचे १०० रेणू तयार होतात आणि असतील त्यांपैकी शेकडा ५ नष्ट होतात. रेणू २००० झाले की नष्ट होणारे १०० व तयार होणारे १०० असा तोल साधतो. आता उत्पादन दुप्पट केले तर? तोल ४००० वर जाईल, हे विद्यार्थी चटकन सांगतो. पण रिकाम्या पेशीपासून आरंभ केला, तर त्या तोलाचा अर्धा पल्ला गाठण्यास वेळ किती लागेल, असे विचारले की तो अडखळतो. उत्तर दोन्ही वेळां एकच, सुमारे १४ मिनिटे. हा वेळ उत्पादनावर नव्हे, केवळ नष्ट होण्याच्या वेगावर अवलंबून आहे. पेशीस घाई असेल तर तिने काय करावे? आरंभी उत्पादन जोरात ठेवावे, आणि प्रथिन पुरेसे झाले की त्यानेच आपल्या जनुकाचा हात आवरावा. अशी स्वतःस आवरणारी जनुके जीवाणूंत विपुल आहेत, आणि त्यामुळे खरोखरच पल्ला लवकर गाठला जातो, हे २००२ साली प्रयोगाने सिद्ध झाले. वजाबाकीच्या एका समीकरणातून निसर्गाच्या एका सवयीचे कारण हाती येते, तेव्हा वर्गात जी शांतता पसरते ती अध्यापकास सुखावणारी असते.

मात्र या मार्गाने सर्व सजीवसृष्टी लवकरच समीकरणात बसेल, असे मानण्याचे कारण नाही. एका संपूर्ण पेशीचे संगणकीय प्रतिरूप २०१२ साली अमेरिकेत तयार झाले. परंतु ती पेशी होती अवघ्या ५२५ जनुकांच्या एका क्षुद्र जीवाणूची. माणसात प्रथिने घडविणारी जनुकेच सुमारे २० हजार आहेत.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहावयास घेतला ती सांगतो. आपल्या प्रदेशातील शाळांतून अकरावीच्या उंबरठ्यावर मुलास साधारणतः विचारले जाते, गणिताचा गट की जीवशास्त्राचा? आणि आम्ही शिक्षकच पुष्कळदा सल्ला देतो की, गणित जड जात असेल तर जीवशास्त्र घ्यावे. पंधरा-सोळा वर्षांच्या वयात झालेली ही फाळणी पुढे भरून निघत नाही. भौंरीच्या संस्थेत विज्ञानाच्या पंचवार्षिक अभ्यासक्रमाची घडण याच्या नेमकी उलट आहे. तेथे प्रारंभी गणित, पदार्थविज्ञान, रसायन आणि जीवशास्त्र हे चारही विषय सर्वांनी शिकावयाचे असतात. म्हणजे वर दिलेले तलावाचे समीकरण ज्यास आयुष्यात पुन्हा पाहावे लागू नये म्हणून आपण जीवशास्त्राकडे वळविला, त्याच्यापुढे ते जीवशास्त्राच्याच दारात उभे राहते. ‘आमच्या महाविद्यालयात साधने नाहीत’ ही तक्रारही या विषयापुरती तोकडी आहे. जगभरच्या जनुकसंहितांचे सार्वजनिक भांडार १९८२ पासून चालू आहे आणि ते कोणासही विनामूल्य खुले आहे. बऱ्हाणपूरच्या वा बैतूलच्या विद्यार्थ्यास त्यातून मोराची संहिता मागविता येते. उणीव साधनांची नसून दोन्ही विषय एका वर्गात बोलणाऱ्या शिक्षकाची आहे.

असा शिक्षक होऊ इच्छिणाऱ्यास एक पाठ सुचवितो. रक्तातील हिमोग्लोबिनच्या बीटा नावाच्या साखळीत १४६ अमिनो आम्ले असतात. माणसाची, चिंपांझीची आणि गोरिलाची साखळी त्या भांडारातून घेऊन मुलांस एकाखाली एक मांडावयास सांगावे. माणूस आणि चिंपांझी यांत एकही फरक सापडणार नाही. गोरिलात एक सापडेल. मग चौथी साखळी द्यावी, ती पुन्हा माणसाचीच. तिच्यात सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन दिसेल. जनुकाच्या मजकुरात पाहिले तर ‘जीएजी’च्या जागी ‘जीटीजी’, म्हणजे एकाच अक्षराचा फरक. व्हर्नन इंग्रॅम यांनी १९५६ साली शोधलेला हा पाठभेद म्हणजेच सिकलसेल हा आजार. मध्यप्रदेशाच्या आदिवासी जिल्ह्यांत आणि विदर्भात तो कुटुंबेच्या कुटुंबे पोखरतो, आणि त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजी आपल्याच राज्यात शहडोल येथे सुरू झाली.

पण पाठ येथे थांबवू नये. मुलांस विचारावे की, आई व बाप या दोघांकडून हेच बदललेले अक्षर मिळालेल्या दोन रोग्यांत एक वारंवार वेदनेने तळमळतो आणि दुसऱ्याचा आजार पुष्कळ सौम्य असतो, हे कसे? अक्षरांत याचे उत्तर दिसत नसेल तर अन्यत्र पाहावे लागते. गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन जन्मानंतर सहसा बंद होते. काहींत ते मोठेपणीही बऱ्याच प्रमाणात चालू राहते, आणि जितके अधिक राहील तितकी बिघडलेल्या रेणूंची एकमेकांस चिकटण्याची क्रिया मंदावते. भारतात आढळणाऱ्या या रोगाच्या एका प्रमुख वंशशाखेत हे प्रमाण पुष्कळ जास्त असते. एक जनुक चुकीचे, दुसरे बंद होण्यास विसरलेले, आणि रक्तातील प्राणवायू कमी-अधिक होणारा. या तिघांचा हिशेब एकत्र मांडावयास मुलांस सांगावे, आणि जीवशास्त्राच्या तासास गणिताच्या शिक्षकालाही वर्गात बोलवावे.